पहिलटकर आईबापांसाठी शाळाप्रवेश मार्गदर्शिका (सोनगीर आवृत्ती)

ही मार्गदर्शिका कोणासाठी

ज्यांच्या पोराला चड्डीची नाडी सोडता येते पण अजून बांधता येत नाही, आणि ज्यांना शेजारच्या काकूंनी ‘मग कुठं टाकताय यंदा?’ असं विचारलं आहे, त्या सर्वांसाठी. काकूंच्या प्रश्नातलं क्रियापद नीट ऐका. आपल्याकडे पोराला शाळेत ‘टाकतात’, पत्र पेटीत टाकतात तसं. एकदा टाकलं की हात घालून परत काढता येत नाही, अशी सगळ्यांची समजूत असते. पहिलटकर आईबापांची झोप उडते ती यामुळेच.

सोनगीरसाठी वेगळी आवृत्ती काढावी लागली, त्यालाही कारण आहे. धुळ्याहून उत्तरेला वीसेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून आमचं गाव. डोक्यावर किल्ला, शेजारी टोलनाका, आणि गावाचं जुनं नाव तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी. सकाळी पिवळ्या बसेस आणि व्हॅन पोरांना गोळा करून रस्त्याला लागतात. त्याच वेळी काही पोरं दप्तर पाठीवर टाकून चालत जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात. ओट्यावर बसलेले आईबाप एकदा बसकडे बघतात, एकदा आपल्या पोराकडे बघतात, आणि रात्री भांडतात. ही मार्गदर्शिका त्या भांडणासाठी आहे.

लागणारं साहित्य

एक पोर (वय तीन ते सहा). दोन मतं, एक आईचं आणि एक बापाचं. पोराची आत्या आली तर तिसरं. एक आजोबा. हिशेबाची वही. बालभारतीचं दुसरीचं पुस्तक. माहितीपत्रकं लागत नाहीत, ती आपणहून घरी येतात. त्यांच्यावरचं पोर नेहमी गोरं असतं आणि नेहमी सूक्ष्मदर्शकात बघत असतं.

आमच्या घरातले आजोबा म्हणजे आबा. उभी हयात त्यांनी पितळेवर ठोके घातले. त्यांचा उपयोग पाचव्या पायरीला होईल. तोवर त्यांना ओट्यावरच बसू द्या.

पायरी १ : घाबरण्याची वेळ ठरवा

नियम सोपा आहे. पहिलीला त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात, नर्सरीला तीन. तेव्हा अडीच वर्षांच्या पोराबद्दल ‘मागे पडेल हं’ असं कोणी म्हणालं, तर ‘कोणाच्या मागे?’ एवढंच विचारा.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे. त्यात मुख्य काम खेळण्याचं, गोष्टी ऐकण्याचं आणि पुष्कळ बोलण्याचं. हे काही दिल्लीला अचानक सुचलेलं नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला तो याच विचारावर. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या कोसबाडला आदिवासी पाड्यांवर जाऊन अंगणातच बालवाडी भरवली. पोरं शाळेत येत नाहीत ना, मग शाळा पोरांच्या अंगणात. आज गल्लीतली जी अंगणवाडी आपण ‘तिथं काय, नुसती खिचडी’ म्हणून ओलांडून जातो, तिच्यामागे एवढा मोठा विचार उभा आहे. तिथली ताई पोरांशी बोलत असेल, गाणी म्हणत असेल, तर तुमची तीन वर्षांची फी वाचली. ती नुसती रजिस्टर भरत असेल, तर खिचडी खाऊन पोर घरी आणा आणि तुम्हीच बोला.

पायरी २ : फी क्विंटलमध्ये मोजा

नवशिका पालक फी रुपयांत मोजतो. रुपयांचा आकडा गुळगुळीत असतो, हातातून सटकतो. सोनगीर परिसरात फी कापसात मोजावी.

समजा, वर्षाची फी २४,००० रुपये. बस ९,०००. गणवेश, बूट, टाय, बेल्ट आणि शाळेतूनच घ्यायची पुस्तकं मिळून ६,५००. आणि एवढं करून पोराला वाचता येत नाही म्हणून संध्याकाळची शिकवणी ६,०००. झाले ४५,५००. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे साडेपाच क्विंटलच्या वर कापूस. तोही हमीभावाने गेला तर. खेडा खरेदीत व्यापाऱ्याने ओलावा काढला की आणखी वाढवा. यातून बियाणं, फवारणी आणि वेचणीची मजुरी वजा केलेली नाही. नर्सरी ते चौथी ही सात वर्षं धरली, तर फी एक रुपयाने न वाढताही आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास जातो.

आता महिना बघा. फीचा पहिला हप्ता जूनमध्ये. बियाणं आणि खत जूनमध्ये. कापसाचे पैसे दिवाळीच्या पुढे. शाळेचं वर्ष आणि शेताचं वर्ष एकाच महिन्यात हात पसरतात, आणि त्या महिन्यात खिशात फक्त सातबारा असतो.

येथे दोन शब्द शिकून घ्या. माहितीपत्रकावर ‘स्वयंअर्थसहाय्यित’ असं लिहिलेलं असतं. २०१२ च्या कायद्याने आलेल्या या शाळा. अर्थ असा की अर्थसहाय्य तुम्ही स्वयं करायचं. दुसरा शब्द ‘कार्यकारी समिती’. राज्याच्या २०११ च्या शुल्क नियमन कायद्याप्रमाणे फी एकट्या संस्थेने ठरवायची नसते. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवून ठरवायची, आणि ठरलेली फी दोन वर्षं कायम ठेवायची. ही समिती कधी बसली होती, असं कार्यालयात नम्रपणे विचारा. उत्तर काय मिळतं यापेक्षा किती वेळाने मिळतं ते वहीत लिहा.

पायरी ३ : माध्यम ठरवण्याआधी घरची भाषा मोजा

२०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा आणण्यावरून महाराष्ट्रभर रान पेटलं. सरकारने काढलेले आदेश जूनअखेर मागे घेतले. तो गदारोळ सोनगीरच्या पोरांनी ऐकला असता, तर ती बुचकळ्यात पडली असती. त्यांना पहिलीपासून तीन भाषा आहेतच! घरी अहिराणी. शाळेत मराठी, जी गावात फक्त बाई, बँक आणि टीव्ही बोलतात. आणि २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी.

म्हणजे पुण्याच्या पोराला मराठी शाळा ही मातृभाषेची शाळा, आपल्या पोराला ती अर्धी मावशीची. इंग्रजी माध्यम म्हणजे तर थेट नवऱ्याकडचे पाहुणे. ज्याला घरी ‘शाया’ म्हणतात ती तिथे ‘शाळा’ होते, आणि पुढच्याच वर्षी ‘स्कूल’. तिन्हींत आत जायचं दार तेच असतं, हे पोराला कोणी सांगत नाही.

युनेस्कोने १९५३ मध्येच सांगितलं आहे की पोराला वाचायला शिकवायची सुरुवात त्याच्या स्वतःच्या भाषेतून करावी. कारण साधं आहे. ‘बॉल’ हे अक्षरं जोडून वाचता आलं, तरी बॉल म्हणजे काय हे माहीत नसेल, तर ते वाचणं नव्हे, नुसता आवाज काढणं आहे. इंग्रजी नको असं याचा कोणी अर्थ काढू नये. इंग्रजी हवंच, नोकरी, कॉलेज, मोबाईल, सगळीकडे तेच आहे. प्रश्न क्रमाचा आहे. आधी एका भाषेत पक्कं वाचायला आलं, की दुसरीत वाचणं म्हणजे नवीन रस्ता. गाडी चालवता येतच असते. म्हणून मराठी माध्यम आणि गणित-विज्ञान इंग्रजीतून, हा सेमीचा मार्ग जिल्हा परिषदेच्याही बऱ्याच शाळांत आहे, तो हिशेबात धरा.

पायरी ४ : मुलाखतीला जा (जायचं नसतं, पण जा)

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी पोराची किंवा आईबापांची चाचणी घेता येत नाही. म्हणून तिला ‘इंटरॅक्शन’ म्हणतात.

आमच्या पोरीला घेऊन आम्ही अशाच एका ठिकाणी गेलो. नाव सांगत नाही. अशी ठिकाणं पुष्कळ आहेत. कार्यालयात पंखा होता, फोटोत स्वामी होते, टेबलावर प्लास्टिकची फळं होती. मॅडमनी पोरीला इंग्रजीत नाव विचारलं. पोरगी फळांकडे बघत राहिली. मॅडमनी सफरचंद उचलून ‘हे काय?’ असं इंग्रजीत विचारलं. पोरीने आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे. मी स्वामींकडे.

“शाय आहे,” मॅडम म्हणाल्या, आणि वहीत काहीतरी टिपलं.

बाहेर बाकावर बसलो, तर शिपाईमावशी पाणी घेऊन आल्या. “काय वं, तुन्हं नाव काय शे?” पोरीने नाव सांगितलं. पुढे दहा मिनिटं न थांबता तिने घरच्या बकरीची सगळी हकीकत सांगितली: पिल्लं किती, त्यातलं कोणतं लंगडतं, कोणाला बाबा ओरडले आणि का चुकीचं ओरडले. मावशी मधूनमधून ‘मंग?’ म्हणत होत्या. आमची पोरगी लाजाळू नव्हती. तिला कोणी ‘मंग?’ म्हणालं नव्हतं, इतकंच.

वहीत लिहा : या शाळेतल्या सगळ्यांत चांगल्या बालशिक्षिका पाणी वाटतात.

पायरी ५ : भांडं वाजवून घ्या

आता आबांना ओट्यावरून उठवा.

घरी येऊन मी आबांना माहितीपत्रक वाचून दाखवलं: डिजिटल वर्ग, स्केटिंग, रोबो, फी इतकी, बस इतकी. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “फी समजनी. शिकाडस कोन?”

ते माहितीपत्रकात नव्हतं.

पितळेचा हंडा घेताना जाणता माणूस चकाकी बघत नाही. चिंच लावली की कोणतंही पितळ चकाकतं. आतली कल्हई बघतो, सांध्याला कुठे डाख दिलाय का ते बोटाने चाचपतो, आणि शेवटी हंडा अधांतरी धरून बोटाच्या पेराने ठोकतो. सलग भांडं खणखणीत वाजतं आणि आवाज रेंगाळतो. चीर असेल तर बद्द वाजतं. दुकानदार काहीही बोलो, भांडं खोटं बोलत नाही. शाळेलाही पेराने ठोकण्याच्या चार जागा आहेत.

पहिली जागा, दुसरीचं पुस्तक. शाळा सुटताना फाटकाशी उभे राहा आणि ओळखीच्या तिसरीतल्या पोराला त्यातलं पान वाचायला द्या. मग पुस्तक मिटून ‘काय झालं गोष्टीत?’ विचारा. ‘प्रथम’ संस्थेचं ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून गावोगाव जवळपास हेच करतं. २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी साधारण चारातल्या एकालाच दुसरीचा उतारा वाचता आला. सरकारी शाळांत त्याहून थोडं कमी. खासगीत जास्त, पण तिथे निम्म्यांनासुद्धा जमलं नाही. तेव्हा पाटीवरच्या नावावर विसंबू नका. तुमच्या फाटकाशी कोण वाचतं ते बघा.

दुसरी जागा, वर्गाचा आवाज. दाराशी पाच मिनिटं उभे राहा. नुसता बाईंचा आवाज येत असेल तर बद्द. तीस पोरं एकसुरात ओरडत असतील तरीही बद्द. बाई काही विचारतात, मग जरा शांतता, मग एक पोर चुकीचं का होईना पण स्वतःचं काहीतरी सांगतं, आणि बाई ‘मंग?’ म्हणतात. तिथे भांडं खणखणलं.

तिसरी जागा, बाईंचं त्या शाळेतलं वय किती. दरवर्षी बाई बदलत असतील, तर त्यांना पगार काय मिळत असेल याचा अंदाज करा. तुमची फी शेवटी कुठे पोचत नाही, ते कळेल.

चौथी जागा, तुमचं पोर आठ दिवसांनी घरी येऊन काय सांगतं. ही जागा प्रवेशानंतरची आहे. तिच्याकडे पुन्हा येऊ.

पायरी ६ : फुकटचं भांडंही वाजवा

पाचवी पायरी वाचून काही पालक भावुक होऊन थेट जिल्हा परिषदेच्या शाळेत धावतात. थांबा. फुकट आहे म्हणून न ठोकता घेतलेला हंडाही गळतो.

चार इयत्तांना दोन शिक्षक आहेत का? शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, पण वीस मुलांच्या शाळेत चार इयत्ता असतात आणि गुरुजींचं तोंड एकच. तो कायदा शिक्षकांना शिकवण्याबाहेरच्या कामाला लावायला मनाई करतो. अपवाद फक्त जनगणना, आपत्ती आणि निवडणुकांचा. आपल्याकडे यातलं काही ना काही चालूच असतं. वर माहिती भरायची अ‍ॅपं. गुरुजी मोबाईलवर दिसले तर लगेच रागावू नका. बहुधा ते खिचडीचा फोटो चढवत असतात. पण दर वेळी तेच चित्र दिसलं, तर रागवा.

रागवायची सोयही आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. खासगी शाळेत पालक गिऱ्हाईक, इथे कायद्याने मालकाच्या बाजूचा. पण समितीची सही घरपोच रजिस्टरवर होत असेल, तर ती मालकी कागदावरच राहते.

आणि आता फी भरणाऱ्यांसाठी एक खबर. आंध्र प्रदेशात १८० गावांमध्ये एक प्रयोग झाला. इच्छुक कुटुंबांतून सोडत काढून काही मुलांची खासगी शाळेची फी भरली, बाकीची सरकारी शाळेतच राहिली. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी चार वर्षांनी मुलं तपासली. निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तेलुगू आणि गणितात दोन्ही गट सारखेच निघाले. खासगीतली मुलं हिंदीत मात्र बरीच पुढे होती, कारण सरकारी शाळांत तो विषय जवळपास नव्हताच. दुसरी बाजूही ऐका: खासगी शाळांनी हे सरकारी शाळेच्या एकतृतीयांशाहून कमी खर्चात केलं. म्हणजे खासगीवाले लुटारू आणि सरकारी आळशी, दोन्ही ओट्यावरच्या गप्पा. नुसती शाळेची जात बदलली म्हणून पोराचं वाचणं-मोजणं बदललं नाही.

टोलनाक्याशेजारी राहून आपल्याला हे कळायला हवं होतं. नाक्यावर पैसे भरले की फळी वर होते. गाडीला वेग येत नाही.

पायरी ७ : सोडतीत नाव घाला

शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळेत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव आहेत. अर्ज ऑनलाइन, निवड सोडतीने. दुर्बल घटकासाठी वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत हवं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने फट काढली होती: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगीला सूट. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये ती रद्द केली. पात्र असाल तर लाजू नका, हा उपकार नव्हे. फक्त बस, बूट आणि सहलीचे पैसे कोण देणार, ते आधीच लेखी विचारा. आणि सोडतीत मिळालेली शाळाही ठोकून बघा. फुकट मिळाली म्हणून तिचा आवाज बदलत नाही.

नेहमीचे प्रश्न

*फुकटच्या शिक्षणाला किंमत राहत नाही, हे खरं का?*
धुळे जिल्ह्यातली सर्वांत गाजलेली शिकवणी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली. विनोबांनी अठरा रविवार गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. फी शून्य, गणवेश सक्तीचा, प्रवेश मात्र फार अवघड. ‘गीता प्रवचने’ अजून छापली जातात. यातून एवढंच घ्या : शिकवणारा कोण आणि लक्ष देऊन ऐकणारा कोण, हे ठरलं की इमारत तुरुंगाची असली तरी चालते.

*लोक काय म्हणतील?*
म्हणतील. टाय घातला तरी म्हणतील. खरी भीती अशी की पोरांच्या वाढदिवसाला, लग्नाच्या पंगतीत, बसच्या रांगेत आपण वेगळे पडू. ही भीती खोटी नाही, आणि तिच्यासाठी कोणी फी भरली तर त्याला हसू नका. फक्त वहीत ती ‘शिक्षण’ या रकान्यात लिहू नका, ‘मानपान’ या रकान्यात लिहा. मग हिशेब चुकत नाही.

*मग फी कधी भरावी?*
पहिल्या तिन्ही जागी ठोकून आवाज खणखणीत आला, आणि जूनमध्ये कर्ज न काढता झेपत असेल, तर खुशाल भरा. आमच्या शेजारच्या पोराची बाई अशीच आहे; खासगीतली, चार वर्षं तिथेच टिकलेली, वर्गात जमिनीवर बसणारी. ती फी वाजवी आहे. आवाज बद्द आला तर पैसे राखून ठेवा. नववी-दहावी, अकरावी-बारावी आणि पुढचं कॉलेज अजून यायचं आहे, आणि तिथे पैसा खरंच अडतो. काढून ठेवलेल्यातले थोडे गोष्टींच्या पुस्तकांना घाला. रोज रात्री वीस मिनिटं पोराला जवळ घेऊन वाचा. वाचता येत नसेल तर पोराला वाचायला लावा आणि ‘मंग?’ म्हणा. याला पावती मिळत नाही.

*निर्णय चुकला तर?*
काकूंची समजूत आठवते ना, पेटीतल्या पत्राची? ती चुकीची आहे. पोर काढता येतं. जुन्या शाळेने दाखला अडवून धरला, तरी तेवढ्यावरून सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

शेवटची तपासणी

आम्ही काय केलं, हे सांगितल्याशिवाय मार्गदर्शिका पुरी होत नाही. चालत सात मिनिटांवरची जिल्हा परिषदेची शाळा घेतली. भिंत पोपडे आलेली आणि नळ गळका, दोन्ही वहीत आहेत. पहिल्या दिवशी बायकोने पोरीला सोडलं आणि दुपारपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही, कारण समोरच्या घरातलं पोर तेव्हाच बसमध्ये चढत होतं.

चौथी जागा ठोकायची ती आठ दिवसांनी. आठव्या दिवशी पोरगी घरी आली, दप्तर ओट्यावर टाकलं आणि आबांच्या पुढ्यात बसली. बाईंनी बकरीचं चित्र काढून घेतलं होतं. त्याखाली मराठीत ‘बकरी’ लिहून घेतलं. मग बाई म्हणाल्या होत्या, घरी जे म्हणता तेही सांगा. सगळ्या वर्गाने सांगितलं. बाईंनी फळ्यावर तेही लिहिलं.

“आनि मंग बाई माले इचारे,” पोरगी म्हणाली, “लंगडं पिलू आते कसं शे?”

आबांनी हातातला तांब्या खाली ठेवला. बोटाच्या पेराने ओट्याच्या फरशीवर एकदा ठोकलं, जणू तिथे हंडाच आहे.

“वाजस,” ते म्हणाले.

गळक्या नळाचा विषय समितीच्या पुढच्या बैठकीला मांडायचा आहे. वही मी अजून मिटलेली नाही.